कापडी होड्यांना लेप कोणता? अंजर्ल्याच्या कामाच्या नोंदी

१८ जानेवारी, अंजर्ले

दोन्ही होड्यांचे सांगाडे बांधून झाले. लांब, अरुंद, वरून बंद असलेली कयाक माझी. रुंद पोटाची उघडी कॅनू मामांची. लांबीत जाणाऱ्या पट्ट्या सागवानी आणि फासळ्या बांबूच्या कांबींच्या. सगळे सांधे मेण लावलेल्या दोऱ्याने बांधलेत, खिळा कुठेच नाही. नुसता सांगाडा हाताने पिळला तर थोडा पीळ घेतो आणि सोडला की सरळ होतो. लाटेत तो असाच हलायला हवा. अट एवढीच, की त्यावरचं कापड आणि कापडावरचा लेप या दोघांनाही ते हलणं सोसलं पाहिजे.

मामांनी सांगाड्याभोवती फेरी मारली, दोन गाठी ओढून पाहिल्या आणि निकाल दिला, "बांधलीस झकास. आता डांबर फास नि मोकळा हो."

मोकळं व्हायला अजून बराच अवकाश आहे. या वही-नोंदी त्यासाठीच.

आधी दोन्ही होड्यांचं आयुष्य लिहून ठेवतो. कयाक पुण्यात छताला टांगलेली असणार. हिवाळ्यात धरणाच्या पाण्यात किंवा इथे खाडीत यायची, गोड्या पाण्याने धुऊन परत टांगायची. कॅनू मात्र कायम इथेच, माडांखाली. मामा तिच्यातून पागायला, म्हणजे जाळं फेकून मासे धरायला जाणार, वाळूवरून ओढणार, कालवांनी (खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांनी) भरलेल्या खडकाला टेकवणार. तिला भोक पडलं तर मी इथे नसणार, ते मामाच बुजवणार. म्हणजे त्यांच्या लेपाचा डबा दापोलीच्या बाजारात मिळाला पाहिजे.

२५ जानेवारी, पुणे

लेपाचा विचार करायला बसलो आणि कापडापाशी अडकलो. तिथेच अडकायला हवं.

सुती कॅनव्हास, नायलॉन आणि पॉलिएस्टर असे तीन पर्याय. उत्तर अमेरिकेत लाकडी कॅनूवर कापड चढवण्याची जुनी पद्धत आहे, तिथे दहा नंबरचा सुती कॅनव्हास वापरतात. चौरस मीटरला सुमारे ५०० ग्रॅम भरतो. त्याची वीण बुजवायला जवसाचं तेल, बारीक दळलेली सिलिका, टर्पेंटाइन आणि पूर्वी सफेदा किंवा शेंदूर, म्हणजे शिशाची संयुगं, असं मिश्रण चोळून भरायचे आणि ते वाळायला आठवडेच्या आठवडे ठेवायचे. पण तिथे कापडाखाली लाकडाची अखंड पाटी असते, कापड कुठेच लोंबत नाही. आपल्या सांगाड्यात दोन पट्ट्यांच्या मधलं कापड अधांतरी आहे. त्यात कोकणातला पावसाळा म्हणजे सुती कापडाला बुरशी आलीच. सुती बाद.

नायलॉन चिवट. ताणलं तर लांबतं आणि खडक लागला तर फाटण्याआधी दबतं. पण ते पाणी पितं. साध्या हवेतही वजनाच्या चारेक टक्के ओलावा धरून बसतं आणि भिजलं की त्याच्या दुप्पट. ओलावा घेतला की सैल पडतं, वाळलं की तंग होतं. लेप बाहेरूनच लागतो, आतली बाजू उघडी राहते, म्हणून बाहेर कितीही उत्तम लेप दिला तरी आतून ओलावा शिरतोच.

पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याच्याही आत. शिवाय गरम इस्त्री फिरवली की आकसून ढोलासारखं बसतं. छोट्या विमानांच्या पंखांवर असंच कापड चढवतात. अमेरिकेत प्लॅट मॉन्फर्ट यांनी याच आकसणाऱ्या पॉलिएस्टरवर अगदी हलक्या होड्यांची एक पद्धतच बसवली. नायलॉनच्या मानाने ते उन्हातही जास्त टिकतं. उणीव एकच, घासलं किंवा टोचलं गेलं तर ते नायलॉनइतकं सोसत नाही.

थोडक्यात, नायलॉनवरचा लेप कापडाबरोबर लांबणारा हवा. पॉलिएस्टर हलत नाही, त्यामुळे त्यावरचा लेप थोडा कडक असला तरी चालेल. आतापर्यंत लोकांशी झालेल्या बोलण्यात "अमका रंग उत्तम", "तमका दोन महिन्यांत सोलून निघाला" असं खूप ऐकलं, पण कोणत्या कापडावर ते कुणी सांगत नाही. कापडाचं नाव घेतल्याशिवाय लेपाचं कौतुक ऐकायचं नाही, असं ठरवून टाकलं.

१ फेब्रुवारी, पुणे

कापड आलं. कॅनूसाठी सुरतहून पॉलिएस्टर, ३०० ग्रॅमच्या आसपासचं, कुठलाही लेप नसलेलं कोरं. कयाकसाठी ४०० ग्रॅमचं जाड नायलॉन, एका मित्राने अमेरिकेहून येताना आणलं. बॅगेचं वजन वाढलं म्हणून त्याने केलेली कुरकुर अजून चालू आहे.

पॉलिएस्टरला खळ आहे. बोटांत चुरगळलं की कागदासारखा आवाज येतो. साबणाच्या गरम पाण्यातून काढून दोनदा खळबळून वाळत घातलं. खळ तशीच राहिली तर लेप धाग्याला न धरता खळीला धरतो आणि पुढे खळीसकट सुटतो.

८ फेब्रुवारी, अंजर्ले

उमेदवारांची यादी केली.

पहिलं अर्थात डांबर. मामांचा आग्रह उगाच नाही. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या करख नावाच्या होड्या आधी चामड्याने मढवत. १९ व्या शतकात चामड्याच्या जागी कापड आलं आणि त्यावर डांबर. वेल्सच्या टोपलीवजा होड्यांचंही तेच. आपल्याकडे १५२० च्या सुमारास विजयनगर पाहिलेला पोर्तुगीज प्रवासी डोमिंगो पाइश लिहितो, की तुंगभद्रा ओलांडायला लोक टोपलीसारख्या गोल नावा वापरतात, आतून वेताच्या आणि बाहेरून चामड्याने मढवलेल्या. हंपीला आज जावं तर त्याच आकाराच्या नावांच्या बुडाला प्लास्टिकचा कागद आणि डांबर दिसतं. परंपरेने जे मिळालं ते लावलं, कौतुक टिकण्याचं होतं.

दुसरं, काजूच्या टरफलांचं तेल. कोकणात होड्यांना आणि जाळ्यांना ते पूर्वापार लावत आलेत. हाताला लागलं तर कातडी सोलून निघते, हे इथल्या पोरांनाही सांगावं लागत नाही.

तिसरं, जवसाचं उकळलेलं तेल, हार्डवेअरवाले ज्याला बेलतेल म्हणतात ते.

मग बाजारातली नवी मंडळी: साधा सिंथेटिक इनॅमल, एका डब्यातलं पॉलियुरेथेन वार्निश, हार्डनर घालून लावायचं दोन डब्यांचं पॉलियुरेथेन, गच्चीवर मारतात ते पांढरं रबरी अ‍ॅक्रिलिक आणि टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेलं सिलिकॉन.

इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारं दोन डब्यांचं रेझिन, यादीत घेतलंच नाही. लाकडावर आणि काचधाग्यावर त्याला तोड नाही, पण अधांतरी हलणाऱ्या कापडावर ते तडकतं. आणि लेप लावलेलं तयार कापड, ट्रकच्या ताडपत्रीसारखं पीव्हीसीचं? घडीच्या कयाकना तयार कातडंच असतं. जर्मनीत १९०७ पासून क्लेपर नावाची कंपनी अशा घडीच्या होड्या विकू लागली. डॉ. हानेस लिंडेमान यांनी १९५६ मध्ये तशाच एका होडीतून एकट्याने अटलांटिक ओलांडला, ७२ दिवसांत. तेव्हा त्या वाटेला नाव ठेवायची आपली पात्रता नाही. फक्त दोन्ही बाजूंनी निमुळत्या होत जाणाऱ्या आकारावर ती ताडपत्री सुरकुत्या न पाडता बसवायची, तर तुकडे कापून उष्णतेने जोडावे लागतात आणि ते यंत्र माझ्याकडे नाही.

१४ फेब्रुवारी, अंजर्ले

मामींच्या भरतकामाच्या रिंगा मागून घेतल्या. प्रत्येक रिंगेत कापड ताणून बसवलं, लेप लावला, काठावर पेन्सिलीने नाव लिहिलं. रिंगेतलं कापड अधांतरी ताणलेलं असतं, होडीच्या पट्ट्यांमधल्या कापडासारखं. फळीवर ठोकलेल्या नमुन्यावर चाचणी घेतली तर लेपाची कसोटी लागतच नाही, फळी त्याला आधार देते.

प्रत्येक लेपाचा पहिला हात पातळ करून, ब्रश दाबून, कापडाच्या विणीत घुसवून. दुसरा हात पहिला बोटाला जेमतेम चिकटत असताना. पूर्ण वाळलेल्या हातावर नुसता दुसरा थर बसतो. अर्धवट वाळलेल्यावर तो आतल्या हाताशी एकजीव होतो.

जवसाच्या तेलाच्या चिंध्या अंगणात दोरीवर पसरून टाकल्या. हे विसरायचं नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते तेल वाळतं आणि वाळताना तापतं. चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडला तर आपोआप पेटतो. मामींना वाटलं मी थट्टा करतोय. रिंगा परत नको, असंही त्यांनी आजच सांगून टाकलंय.

१ मार्च, अंजर्ले

काही रिंगा निकालात निघाल्या.

डांबर: सकाळी ठीक, दुपारी बारानंतर बोट लावलं की ठसा. काळा रंग ऊन ओढतो, खालचं कापडही तापतं. वाळूवर पालथी ठेवलेल्या होडीला वाळू चिकटणार, बसणाऱ्याच्या चड्डीला डांबर. आयर्लंडच्या हवेत हा प्रश्न उद्भवत नसावा. शिवाय डांबरावर पुढे कधी दुसरा रंग द्यायचा म्हटलं तर काळं वर झिरपतं, म्हणजे एकदा डांबर ते कायमचं डांबर.

काजूतेल: नायलॉनवर तपकिरी, सुंदर. पॉलिएस्टरवर अजून चिकट. लाकडात ते मुरतं, म्हणून लाकडावर चालतं. या धाग्यात मुरायला जागाच नाही.

जवसाचं तेल: वाळलं, वास छान, पण उजेडाला धरलं की विणीतून उजेड येतो. भोकं बुजवण्याइतकी जाडी नुसत्या तेलात येत नाही. म्हणूनच जुने लोक त्यात सिलिका घालत. आणि शेंदूर-सफेदा घालायची गोष्ट आता नको. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा आपल्याकडे २०१७ पासून ९० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ९० भाग आहे, ते उगाच नाही.

गच्चीचं अ‍ॅक्रिलिक बादलीत बुडवून ठेवलं होतं. बाहेर काढल्यावर दुधी, मऊ. चिकटपट्टी दाबून ओढली तर पापुद्रा पट्टीबरोबर आला. त्यात त्याचा दोष नाही. गच्चीवर पाऊस पडतो आणि वाहून जातो. पाण्यात बसून राहणं हे त्याचं कामच नव्हे.

सिलिकॉन पाणी उत्तम अडवतं. बाकी निकाल पुढच्या वेळी.

८ मार्च, अंजर्ले

कालवाच्या शिंपल्याची चाचणी. आजचा खरा दिवस.

ओहोटीला खडकावरून कालवांची रिकामी टरफलं आणली. त्यांची कड दाढीच्या पात्यासारखी असते. अनवाणी चाललेल्या माणसाला विचारा. एक टरफल लाकडाच्या ठोकळ्यात पक्कं बसवलं, वर वीट ठेवली आणि ठोकळा प्रत्येक रिंगेवरून दोरीने सावकाश ओढला. कापडाखालून हात लावून बघत होतो.

इनॅमल लावलेलं नायलॉन: कापड दबलं, फाटलं नाही, पण ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना रंगाला बारीक आडव्या चिरा. नखाने उचकटलं तर खवले निघाले. कापड लांबलं आणि रंग लांबला नाही. आणि हा इनॅमल अजून ताजा आहे. तो महिनोन्‌महिने कडक होत जातो, वर्षाने याहून वाईट.

तोच इनॅमल पॉलिएस्टरवर: ओरखडा पांढरा उमटला, वरचा हात खरवडला गेला, पण चिरा नाहीत, खवले नाहीत. जोर वाढवला तेव्हा कापडालाच बोटभर चीर गेली.

दोन डब्यांचं पॉलियुरेथेन नायलॉनवर: टरफलाची कड बोथट झाली. लेपावर रेघ, बस्स. कापड खाली दबतं आणि लेप त्याच्याबरोबर दबतो.

एका डब्यातलं वार्निश दोन्हींच्या मधलं. पॉलिएस्टरवर इनॅमलपेक्षा थोडं सरस, नायलॉनवर चालण्यासारखं, मात्र पारदर्शक असल्याने खालच्या कापडाला उन्हापासून आडोसा कमी. रंगातली भुकटी ऊन अडवते, हा इनॅमलचा न बोलला जाणारा गुण.

मग दुरुस्ती. सगळ्या रिंगांना मुद्दाम चीर दिली, दाभणाने टाके घातले, वर त्याच कापडाचं ठिगळ त्याच लेपात बसवलं. इनॅमलवर काम सोपं: पॉलिश पेपर, ठिगळ, रंग, दुसऱ्या दिवशी पुन्हा रंग. दोन डब्यांच्या पॉलियुरेथेनला वाळल्यानंतर नवा हात सहज धरत नाही. चांगलं खरवडावं लागतं, मग धरतो. सिलिकॉनवर काहीच धरेना. ठिगळ नाही, रंग नाही, सिलिकॉनसुद्धा नीट नाही. पाणी अडवण्यात पहिला आलेला उमेदवार इथे बाद झाला.

दुरुस्तीला मी इतका मान का देतो? टिम सेव्हरिन यांनी १९७६-७७ मध्ये बैलाच्या ४९ कातड्यांच्या होडीतून आयर्लंड ते न्यूफाउंडलंड प्रवास केला. कातडी ओकच्या सालीत कमावलेली, लेप म्हणून मेंढीच्या लोकरीतली चरबी. शेवटच्या टप्प्यात बर्फाने कातडं फोडलं. समुद्रातच, गोठणाऱ्या पाण्यात हात घालून त्यांनी ठिगळ शिवलं आणि पुढे निघाले. कातड्याला टाका घेता येतो आणि चरबी पुन्हा चोळता येते, म्हणून ते पोचले.

मामांनी रिंगा उलटसुलट केल्या आणि इनॅमलवर बोट ठेवलं. "ह्यो तर आपल्या मोठ्या होडीचा रंग." तोच. डबा त्यांच्याच पडवीतून उचलला होता. "मग झालं की. अर्धा डबा दर साली उरतोच."

कॅनूचा निर्णय झाला. पॉलिएस्टर, त्यावर सिंथेटिक इनॅमल.

१५ मार्च, पुणे

कयाकचा निर्णयही तसा झालाच आहे: नायलॉनवर दोन डब्यांचं पॉलियुरेथेन. पण त्याआधी हवेचा प्रश्न.

हार्डनरमधलं आयसोसायनेट पाण्याशी जुळलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. हवेत किंवा कापडात ओल असेल तर लेप फसफसतो आणि वाळल्यावर टाचणीच्या डोक्याएवढ्या फुग्यांनी भरलेला राहतो. पाहायचंच म्हणून नायलॉनच्या एका रिंगेवर पाणी शिंपडून, पुसून, लगेच लेप लावला. तासाभरात पृष्ठभाग जाळीदार. उजेडाला धरल्यावर प्रत्येक फुगा म्हणजे एक कच्चं भोक.

अंजर्ल्याला समुद्र हाकेच्या अंतरावर आणि पहाटे सगळ्यावर दव. पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी हवा ठणठणीत कोरडी. म्हणून कयाकचा लेप पुण्यात आणि वळवाचा पाऊस सुरू व्हायच्या आत. रंगकामातला साधा नियम असा, की ज्यावर लेप द्यायचा तो पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते त्यापेक्षा, किमान ३ अंश गरम असावा. पुण्यात दुपारी त्याची काळजी नाही, धुळीची आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी मारून धूळ बसवावी तर ओल, न मारावं तर धूळ. शेवटी एका ओळखीच्यांची रिकामी शेड मिळाली.

दुसरा प्रश्न फुप्फुसांचा. आयसोसायनेटने दमा लागू शकतो आणि एकदा शरीराने त्याच्याशी वैर धरलं की पुढे अगदी थोडंही सोसत नाही. वासावरून अंदाज घेता येत नाही. नाकाला काही कळण्याआधीच मात्रा जास्त झालेली असते. कापडी मास्क हा शुद्ध देखावा. सेंद्रिय वाफांचे कार्ट्रिज असलेला, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क घेतला. दाढी काढावी लागली. ब्रश आणि रोलरच वापरायचा, फवारा अजिबात नाही. मुंबईत मस्जिद बंदरच्या ज्या दुकानातून डबे घेतले तिथे "नाकाला रुमाल बांधा, काय होत नाही" असा सल्ला फुकट मिळाला.

हार्डनर घेताना सूर्यप्रकाशात पिवळा न पडणारा, म्हणजे अ‍ॅलिफॅटिक जातीचा, असं विचारून घेतला. अ‍ॅरोमॅटिक स्वस्त असतो आणि उन्हात चहासारखा होतो.

२२ मार्च, पुणे

कयाकवर नायलॉन चढवलं. आधी भिजवून, सैल झालेलं ओढून शिवलं, मग वाळू दिलं. वाळताना आपोआप तंग झालं. कोरडं शिवलं असतं तर पुण्यात तंग आणि अंजर्ल्यात उतरताच पोटावर सुरकुत्या. वरच्या मधल्या शिवणीला दुहेरी टाका, टाक्यांच्या भोकांवर लेपाच्या दिवशी सर्वांत आधी घट्ट लेपाची बोटभर पट्टी द्यायची. पाणी कापडातून यायच्या आधी शिवणीतून येतं.

पंखा लावून दोन रात्री वाळवलं. लेप अजून नाही. हात शिवशिवतात, पण नायलॉन आतून पुरतं सुकल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

२८ मार्च, पुणे

लेप झाला. वजनकाट्यावर मोजून मिसळलं, एका वेळी थोडंच, कारण भांड्यात साठवलेलं मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने लवकर घट्ट होतं. रोलरने ओतत-पसरत, खालच्या बाजूला ओघळ येतील म्हणून होडी सतत फिरवत. आधीचा हात चिकट असतानाच पुढचा. फुगे नाहीत. मधाच्या रंगाचं अर्धपारदर्शक कातडं, आत फासळ्या दिसतात. सुंदर दिसते, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो, जरी निवडीशी त्याचा संबंध नसला तरी.

११ एप्रिल, अंजर्ले

कॅनू. पॉलिएस्टर काठांना स्टेपल आणि टोकांना शिवण. मग इस्त्री: आधी दोन ठिपक्यांच्या खुणेवर, म्हणजे १५० अंशांच्या आसपास, सगळीकडून थोडी थोडी. एका जागी जास्त आकसलं तर सांगाडा वाकतो. सुरकुत्या डोळ्यांदेखत विरत जातात. मामी इस्त्री बघत उभ्या होत्या; त्यांना होडीपेक्षा इस्त्रीचंच नवल वाटत होतं.

सकाळचं दव उडाल्यावर, दहाच्या पुढे, इनॅमलचा पहिला पातळ हात. कापडाच्या आतल्या बाजूला रंग किंचित डोकावतोय की नाही हे मामा वाकून सांगत होते, "आला... इकडं नाही आला." आत डोकावला म्हणजे विणीला धरला.

१२ एप्रिल

दुसरा हात. ऊन चढल्यावर थांबलो, ब्रशच्या रेघा राहायला लागल्या.

१३ एप्रिल

तिसरा हात. अंधार पडल्यावर कॅनू पालथी घालून आत बल्ब लावला. जिथे उजेडाचा ठिपका दिसला तिथे बाहेरून खडूने गोल. बहुतेक ठिपके पट्ट्यांच्या कडेला, जिथे ब्रश उडी मारतो. उद्या तेवढेच भरायचे.

कण्यावर, म्हणजे बुडाच्या मधल्या पट्टीवर, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर त्याच पॉलिएस्टरची चार बोटं रुंद जादा पट्टी ओल्या रंगात बसवली. होडी घासते ती पट्ट्यांच्या रेषेवरच. मधलं अधांतरी कापड मागे दबतं, पट्टीवरच्या कापडाला मागे जायला जागा नसते. ही पट्टी झिजली की सोलून नवी लावायची.

३ मे, अंजर्ले

दोन्ही पाण्यात. कॅनू मामांनी एका हाताने उचलून नेली आणि धक्क्यावरच्या मंडळींना दोनदा उचलून दाखवली. आत पाणी नाही. जे आलं ते मामांच्या पायांबरोबर.

कयाक तासभर खाडीत होती. पोटावरचं नायलॉन किनाऱ्यावर असताना होतं त्याहून सैल, बोटाने दाबलं तर कळतं. लेपाला काहीही झालेलं नाही. अपेक्षेप्रमाणे.

१७ मे, अंजर्ले

गेल्या आठवड्यात भांगाच्या (लहान) भरतीला पाणी कमी आलं आणि कॅनू कालवांच्या खडकावर बसली. जादा पट्टीच्या बाहेर, बाजूला, वीतभर चीर. मामांनी मला फोनसुद्धा केला नाही. येऊन पाहिलं तर ठिगळ बसलेलं, टाके माझ्यापेक्षा बारीक, वर रंग. फक्त रंग निळ्याऐवजी पिवळा, कारण डब्यात पिवळा उरला होता.

ठिगळाच्या कडा नखाने उचकटून पाहिल्या, सुटत नाहीत. आतून बोट फिरवलं, कोरडं.

"तुझ्या त्या काचेसारख्या होडीला फाटली तर?" मामांनी विचारलं. तिला पुण्याहून दोन डबे, वजनकाटा, मास्क आणि कोरडी दुपार लागेल, असं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पिवळ्या ठिगळावरून हात फिरवला.

३० मे, अंजर्ले

१ जूनपासून यांत्रिक बोटी बंद, किनाऱ्यावर होड्या शाकारायचं काम चालू आहे. कॅनू पडवीत पालथी, जमिनीपासून वर, दोन ओंडक्यांवर. प्लास्टिकमध्ये गुंडाळायची नाही. आतून वारा खेळला पाहिजे. पॉलिएस्टर कुजणार नाही, पण बांबूच्या कांबी आणि दोऱ्याच्या गाठी कुजतील. सांगाड्याला आतून बेलतेलाचा एक हात दिला. चिंध्या बादलीतल्या पाण्यात.

कयाक उद्या पुण्याला. गोड्या पाण्याने धुतली, आतलं मीठ गेलं नाही तर ते ओल धरून ठेवतं आणि नायलॉन कधीच पुरतं वाळत नाही.

दसऱ्यानंतरची कामं: कॅनूच्या कण्यावरची पट्टी सोलून नवी, सगळ्या पोटाला पॉलिश पेपर आणि इनॅमलचा एकच पातळ हात, जाड नाही, कारण दर वर्षी जाड हात चढवत गेलं की थर वाढून तडकतात, निळा डबा आणायचा, मामांनी पिवळाच हवा म्हटलं नाही तर. मस्जिद बंदरचा उरलेला हार्डनर बघायचा. झाकण एकदा उघडलेलं आहे, पावसाळ्यात डब्यातच घट्ट झाला असण्याची शक्यता जास्त.